बेटावरची जमीन आणि शुफाचा हक्क

ज्याच्याकडे पैसा आहे आणि ज्याला विकायचे आहे, अशी दोन माणसे तयार झाली की जमिनीचा व्यवहार होतो. तिसऱ्याने त्यात पडायचे कारण नाही, असे आपण धरून चालतो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, निळ्या पाण्याचे फोटो घरोघरी पोचले आणि आमच्या शिक्षक-कक्षातही तिकिटांची चौकशी सुरू झाली. दोन दिवसांत गोष्ट तिकिटावरून प्लॉटवर आली. तिथे जायला परवाना लागतो आणि बाहेरच्याला जमीन घेता येत नाही, हे कळल्यावर एक सहकारी चिडले. आपल्याच देशात इजाजत कसली? आणि तीही जिथे शंभरातली शहाण्णव माणसे मुसलमान आहेत तिथे, आपल्याला?

प्रश्न रास्त आहे. त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून आधी थोडा हिशेब पाहू. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर. दहा बेटांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौसष्ट हजारांच्या आत. त्यांतले सर्वांत छोटे वस्तीचे बेट बित्रा. त्याचे क्षेत्रफळ ०.१०५ चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वीस एकर, आणि त्या जनगणनेत तिथली माणसे २७१. सव्वीस एकर जमीन आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराच्या सातबाऱ्यावर असते. तिथे तेवढ्यात मशीद आहे, मलिक मुल्ला या बुजुर्गांचा मजार आहे, घरे आहेत, माड आहेत आणि एक अख्खे गाव आहे. मुंबईतल्या एका मध्यम बिल्डरने मनात आणले, तर हे गाव तो एका दुपारी विकत घेऊ शकेल. म्हणून १९६५ चा जमीन-महसूल व कुळवहिवाटीचा नियम आहे, १९६७ चे प्रवेश व निवासाचे नियम आहेत. बेटांवर जन्मलेल्या आणि ज्यांचे आईवडील दोघेही तिथेच जन्मलेले आहेत अशा रहिवाशांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. म्हणजे दार लोटलेले आहे ते आदिवासींच्या जमिनीसाठी, धर्मासाठी नव्हे. मुसलमान म्हणून आपल्याला तिथे वेगळा मान मिळावा, ही अपेक्षाच मुळात चूक.

आमच्या मते खरी गोष्ट जमिनीच्या खाली आहे. प्रवाळाच्या या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर होऊन तरंगत राहते. गोडे पाणी हलके, खारे जड, एवढ्याच आधारावर हे टिकलेले असते. एका विहिरीतून पंपाने बेसुमार उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते आणि त्याची चव शेजारच्या विहिरीलाही लागते. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला लाखभर लिटरचा प्रकल्प उभारावा लागला, तो काही हौसेने नव्हे. तेव्हा वीस खोल्यांचे हॉटेल बांधणारा म्हणाला, की मी माझ्या प्लॉटवर काय वाटेल ते करीन, तर ते वाक्य तिथे खोटे ठरते. कुंपण जमिनीवर घालता येते, पाण्याला नाही.

इथे आम्हांला फिकहमधला शुफाचा हक्क आठवतो. शेजारची मिळकत विकली जात असेल, तर परक्याच्या आधी, त्याच किमतीला, ती घेण्याचा हक्क. हनफी मतात हे हक्कदार तीन: आधी शरीक, म्हणजे त्याच मिळकतीतला भागीदार, मग खलीत, म्हणजे वाटेत किंवा पाण्यात ज्याचा सामायिक हक्क आहे तो, शेवटी जार, नुसता शेजारी. शाळेत असताना हे आम्हांला जुन्या काळातले कलम वाटे. बेटाचा नकाशा पुढे ठेवला की ते जिवंत होते, कारण तिथे सगळेच एकमेकांचे खलीत आहेत.

पण शुफाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी असण्यावर आधारलेला हा हक्क घटनेशी विसंगत ठरवला, भागीदाराचा टिकला. नकोसा माणूस वस्तीत येऊ नये, यासाठी असा हक्क सहज वापरता येतो. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. शहरात घर शोधताना नाव सांगितले आणि फ्लॅट ‘कालच गेला’ असे ऐकले, हा अनुभव आपल्यातल्या कितीजणांचा आहे! सोसायटीचे लोकही हेच म्हणतात, की आमची वस्ती, आमचे वळण, बाहेरचा नको. मग त्यांचे दार बंद झाले तर अन्याय आणि बेटाचे दार बंद झाले तर संरक्षण, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

यावर आम्ही बराच विचार केला. दोन्ही दारांपुढे उभा असलेला माणूस पाहावा. सोसायटीच्या दारात जो उभा आहे, त्याला शेजारी व्हायचे आहे. त्याच टाकीचे पाणी प्यायचे आहे, त्याच जिन्यावरून मुलाला शाळेत सोडायचे आहे, पाणी आले नाही तर त्यालाही बादली घेऊन उभे राहायचे आहे. बेटावर प्लॉट मागणाऱ्या गुंतवणूकदाराला नेमके हेच नको आहे. त्याला शेजारी न होता मालक व्हायचे आहे. विहीर खारी झाली तर तो विकून मोकळा होईल. एकाला नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे, दुसऱ्याला नाकारणे म्हणजे व्यवहाराला. कोकणातल्या आपल्या खाडीकाठच्या गावांना हा दुसरा प्रकार ठाऊक आहे: वर्षातून चार दिवस उघडणारी घरे आणि बारा महिने बंद फाटके.

पाहुण्याचा प्रश्न सोपा आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्यायला आणि परत जा म्हटले तर परत जायला सांगितले आहे. परवान्यात आम्हांला अपमान दिसत नाही.

अडचण तिसऱ्याची आहे, जो खरोखर राहायला येतो. मुख्यभूमीवरून तिथे नोकरीला गेलेला शिक्षक वीस वर्षे मुलांना शिकवील, तेच पाणी पिईल, आणि तरी त्याला घराएवढी जमीन आपली म्हणता येणार नाही. आमच्या कसोटीने तो शेजारी आहे, कायद्याच्या कसोटीने परका. आणि बित्राचाच इतिहास पाहा. हे बेट पूर्वी समुद्रपक्ष्यांचे होते. चेतलाट आणि किल्तानचे लोक अंडी गोळा करायला येत आणि परत जात. १९४५ च्या सुमारास चेतलाटची एक बाई मुलाला घेऊन आली आणि कायमची राहिली. आजची वस्ती त्यानंतरची. तिने कोणाची इजाजत घेतली? ‘मूळचे’ हा शब्द म्हणूनच फार ताणू नये. वस्तीचा हक्क आधी येण्यातून येतो असे आम्ही म्हणणार नाही. तो राहण्यातून येतो. ही बाई राहायला आली होती, भाव वाढायची वाट पाहायला नव्हे.

मिळकतीकडे पाहायची बेटांची स्वतःचीही एक रीत आहे. लीला दुबे या मराठी घरातल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कल्पेनीचा अभ्यास करून १९६९ मध्ये पुस्तक लिहिले. तिथे आईच्या वंशाने चालणारी, घराण्याची सामायिक मिळकत ‘शुक्रवारची’ आणि स्वतः कमावलेली ‘सोमवारची’. घराण्याची मिळकत एकट्याला फुंकता येत नाही आणि ती बायकांच्या वंशातून पुढे जाते. आपले काही मौलवी याला शरियतबाह्य म्हणतील. म्हणोत. शरियतचा हवाला देत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणाऱ्या आपल्या घरांनी मात्र त्यात पडू नये.

बंद दाराची किंमत बेटवासीही मोजतात, हे खरे. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते, तरुणांना कामासाठी किनारा सोडावा लागतो. पैसा तिथे जायला हवा. पण तो कोणाच्या विचाराने जाणार? २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाचा मसुदा आला, त्यात प्रशासनाला कोणतीही जमीन विकासासाठी ताब्यात घेण्याचे अधिकार होते. लोकांनी ७ जूनला घराघरांत बारा तासांचा उपवास करून विरोध केला. जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने अख्खे बित्रा संरक्षणाच्या कारणासाठी घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अधिसूचना काढली; रहिवाशांनी आणि त्यांच्या खासदारांनी आक्षेप घेतला. बाहेरच्या खरेदीदाराला अडवणारा नियम इथे काय कामाचा? या सव्वीस एकरांत शरीक, खलीत आणि जार तिन्ही तेच आहेत. कोणी विकायला काढलेलीच नाही ती जमीन जाणार असेल, तर शुफाचा दावा त्यांनी कोणापुढे मांडायचा?