न थांबणारे प्रश्न

प्राध्यापकी पेशाच्या कागदोपत्री भाषेतली एक शब्दांची जोडी मला फार खटकते. शिकवण्याला तिथे ‘कार्यभार’ म्हणतात आणि संशोधन करायचं म्हटलं की त्या भारातून ‘सूट’ मागतात. शिकवणं हे एकदा ओझं ठरलं की ते उतरवून ठेवणारा शहाणा आणि वाहत राहणारा मागासलेला, असा हिशेब आपोआप तयार होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वरच्या दोन पदांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन नेमून दिलं आहे. त्यातले चार-सहा तास कमी करा म्हणजे संशोधन होईल, ही मागणी जुनीच आहे. पदोन्नती, नॅक, शोधनिबंधांची मोजदाद हे तिच्याभोवतीचं सगळं वाचकांना ठाऊक आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा विचार करताना मी या मागणीच्या विरोधातच होतो. २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं, ते या दोन जिल्ह्यांतल्या मुलांचं शिक्षण जवळ यावं म्हणून. एटापल्ली, कुरखेडा, सिरोंचा इथल्या वर्गात बसलेली कितीतरी मुलं घरातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेली. शिक्षक हेच त्यांचं ग्रंथालय, आणि मराठी ही अनेकांची दुसरी भाषा. तिथे जागा रिकाम्या राहतात तेव्हा एकाचे कमी झालेले चार तास तासिका तत्त्वावरच्या सीएचबी शिक्षकाच्या डोक्यावर जातात, आणि त्याला पगार मिळतो तो घेतलेल्या तासांपुरताच. एकाच्या संशोधनाची किंमत दुसऱ्याच्या पोटातून काढायची ही व्यवस्था मला आजही मान्य नाही.

पण हाच विरोध दुसऱ्या एका कारणासाठी करणारे भेटतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकताना माझी बाजू मलाच टोचू लागते. ते म्हणतात, महाविद्यालयातल्या शिक्षकानं शिकवावं, संशोधन संस्थांनी करावं. २०१८ च्या नियमांचा कलही महाविद्यालयीन शिक्षकाला मुख्यतः अध्यापनावर तोलण्याकडे होता. शिवाय त्यांच्याकडे गडचिरोलीचाच मोठा दाखला असतो. अभय आणि राणी बंग १९८६ साली इथे आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानं पुढे देशाचं धोरण बदललं. यात विद्यापीठ कुठे होतं, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ‘सर्च’ला यश आलं ते ती विद्यापीठाबाहेर होती म्हणून, असं म्हणता येत नाही. बाळ जन्मतं त्या घटकेला मोजणारी बाई त्याच गावात हजर होती, आणि दोन वर्षांची आधीची नोंद व तीन वर्षांचं काम पुरं होईपर्यंत कुणी तिला दुसऱ्या कामाला जुंपलं नाही, हे त्या यशाचं कारण. आणि प्रत्येक प्रश्नाला अशी संस्था कुठून मिळणार? धानाच्या वाणांना, माडिया बोलीला, तेंदूच्या हिशेबाला, वाघ-माणूस संघर्षाला वेगवेगळ्या संस्था कोण काढणार? तालुक्याच्या ठिकाणी पोचलेली आणि जाणत्या माणसांना पगार देणारी संस्था म्हणून आज महाविद्यालयच उभं आहे.

इथे थोडं आडवाटेला जातो. नागभीड तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथल्या एकाच शिळेवर दोन लेख कोरलेले. जुना मौर्यकालीन ब्राह्मीतला, प्राणी पकडायला नि मारायला मनाई करणारा. नंतरचा वाकाटक राजा रुद्रसेनाच्या काळचा. या लेखांवर नवा प्रकाश टाकणारा निबंध १९३५ साली लिहिला तो वा. वि. मिराशींनी. त्या काळी ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. पुढे वाकाटकांचा आणि कलचुरींचा सगळा कोरीव इतिहास त्यांनी अध्यापकाच्या आयुष्यातच लावला. मनात असेल तर वेळ मिळतो, हे सांगायला मिराशींचं नाव हमखास पुढे केलं जातं. मिराशींची निष्ठा मोठीच होती. तिच्यापुढे हात जोडावेत. पण त्यांचा विषयही त्यांना साथ देणारा होता, हे विसरू नये. देवटेकची शिळा शेकडो वर्षं तिथे होती, ती आणखी एक सत्र थांबू शकत होती. ठसे घेऊन ठेवावेत, आणि रात्री, सुटीत, तास संपल्यावर अक्षरं लावत बसावं. संशोधनाचे प्रश्न थांबणारे आणि न थांबणारे असे दोन प्रकारचे असतात, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. आठवड्याला दोन-चार तासांची सूट पहिल्या प्रकाराला उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकाराला ती जवळपास निरुपयोगी आहे.

त्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे दुसऱ्या प्रकाराचे. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी वेगळं राखून, दर हंगामाला पेरून, निवडून त्यांनी जे वाण तयार केलं ते पुढे ‘एचएमटी’ नावानं देशभर गेलं. धान वर्षाला एकच प्रयोग करू देतो. त्या आठवड्यात बांधीत नसलात तर प्रश्न पुढच्या वर्षावर जातो. या दोन जिल्ह्यांतले बहुतेक प्रश्न असेच आहेत. मोह गळतो मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे. तेंदूची तोडणी मेमध्ये मोजके दिवस चालते. ७० पानांचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजले जातात आणि त्या मोजणीवर घराचं वर्ष ठरतं. लोक मोहाला, तेंदूला भल्या पहाटे रानात शिरतात त्याच दिवसांत चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या वाढतात. धानकापणी दिवाळीच्या आगेमागे. आता विद्यापीठाचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. सत्र पद्धतीत उन्हाळी परीक्षा मोह-तेंदूच्या तोंडावर येतात, हिवाळी परीक्षा धानकापणीच्या. जंगल बोलत असतं तेव्हा शिक्षक पर्यवेक्षणावर असतो किंवा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे आठवड्याचे चार तास मोकळे केले तर त्यात गडचिरोलीहून भामरागडला जाऊन परत येणंही होत नाही. दीडशे किलोमीटरहून लांबचा रस्ता आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तोही बंद.

म्हणून विरोधात निघालेला मी आता सूट देण्याच्या बाजूनं बोलतो आहे, आणि प्रचलित मागणीपेक्षा जास्त मागतो आहे. वर्गाचे तास आहेत तसे राहोत. ज्याचा प्रश्न हंगामाला बांधलेला आहे त्याला त्या हंगामात परीक्षेच्या सगळ्या कामातून सलग दोन महिने मोकळं करावं, आणि तेही एका वर्षापुरतं नव्हे, निदान तीन हंगामांची हमी द्यावी. मग उत्तरपत्रिका कोण तपासणार, हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर पैशाचं आहे: बदली माणूस नेमावा आणि त्याला पूर्ण वेतन द्यावं. हे स्वप्नरंजन नाही. पीएच.डी.साठी शिक्षकाला रजा आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाचा पगार आयोगानं द्यायचा, अशी शिक्षक-अधिछात्रवृत्ती आपल्याकडे पंचवार्षिक योजनांच्या काळात होती. दुसरा आक्षेप गैरवापराचा. सूट घेऊन माणूस घरी बसला तर? शोधनिबंध मोजून याला आळा बसत नाही, हे आपण पुरेसं पाहिलं आहे. सूट माणसाच्या पदाला न देता प्रश्नाला द्यावी आणि प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्यासमोर नोंदी दर हंगामाला वाचून दाखवाव्यात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं हे करून दाखवलं आहे. अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, निर्णय मात्र ग्रामसभेनं घ्यायचा, अशी तिथली रीत. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे या अभ्यासाची वर्षं होती. हातावर पोट असलेल्या माणसांनी अभ्यासाला वेळ काढला, कारण अभ्यास त्यांच्या कामाचाच भाग होता.

आणि विद्यार्थी? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक आलेच आहेत. मे महिन्यात आईबरोबर फळीवर उभी राहणारी मुलगी जूनमध्ये आपल्या वर्गात येऊन बसते. माडिया तिची, पुड्यांचा भाव तिला तोंडपाठ, कोणत्या वाटेनं बायका रानात शिरतात हेही तिला माहीत. तिच्या वहीतली तारीखवार नोंद आणि शिक्षकाची संख्याशास्त्राची जाण एकत्र आली तर जे होईल त्याला शिकवण्याच्या तासांत धरायचं की संशोधनाच्या, हे मला सांगता येत नाही. फक्त त्या मुलीची परीक्षा तेंदूच्या आठवड्यात येऊ नये आणि तिचा शिक्षक त्या संध्याकाळी फळीवर पोचलेला असावा.