एक पातळ हात

मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवतात, ती हवाईयन गिटार. हवाई बेटांवरून ती आपल्याकडे आली आणि ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. कांडी तारेवरून सरकली, की मींड आपसूक येते.

आमच्या गुहागरच्या पडवीत भाच्याने फणसाच्या फळीची अशी गिटार केली. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवली. दिवस श्रावणाचे, पण त्याला घाई. सकाळी पॉलिशचा हात दिला, दुपारी लाकडावर पांढुरकी झाक! समुद्रावरचा दमटपणा पॉलिशमध्ये अडकला होता.

शेजारचे सुतारकाका बोट फिरवून म्हणाले, "दिवाळी होऊ दे रे. मग पातळ हात दे. एक सुकला की दुसरा."

तो थांबला. दिवाळीनंतर झाक घासून काढली. मग कापसाच्या बोळ्याने दिलेले हात एकावर एक बसत गेले आणि फणसाचा पिवळा रंग मधासारखा उजळला.

श्रोतेहो, मुलांचा अभ्यास असो, आजारपणानंतरची ताकद असो, की दुरावलेलं नातं. आज एकच पातळ हात द्या. आणि सुकू द्या.