ऊसतोड स्त्रिया, घरातील हिंसा आणि आरोग्ययंत्रणा

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) घालून राहू लागतात. सांगलीच्याच जत तालुक्यातूनही मजूर तोडीला बाहेर पडतात. या कुटुंबांतील स्त्रिया देशाची सीमा ओलांडत नाहीत, म्हणून त्यांना निर्वासित म्हणता येत नाही. पण माहेर आणि ओळखीची माणसे यांपासून पाच-सहा महिने तुटलेली स्त्री निर्वासित छावणीतील स्त्रीइतकीच एकाकी असते.

या एकाकीपणाला कामाच्या पद्धतीचीही जोड आहे. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवरा घेतो, ती फेडायला मात्र दोघे राबतात. स्त्रीच्या मजुरीचा वेगळा हिशेब नसतो आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. मार खाऊन ती निघून गेली तर जोडी मोडते आणि उचल अंगावर राहते. त्यामुळे तिने सहन करावे, असेच नवऱ्याला आणि मुकादमालाही सोयीचे असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे चारांपैकी एका विवाहित स्त्रीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसेच्या खुणा केवळ जखमांत नसतात. नको असलेली गर्भधारणा, गर्भपात, जुनाट वेदना, झोप उडणे आणि आत्महत्येचे विचार हेही तिचे परिणाम आहेत.

परक्या मुलखात अशी स्त्री पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. मुलाचा ताप, लसीकरण किंवा स्वतःची जखम यांसाठी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र येते. नवरा शेजारी उभा असेल तर ‘पडले’ एवढेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून शंका आली, तर स्त्रीला एकांतात विचारावे, तिचे ऐकून घ्यावे, तिच्यावर विश्वास ठेवावा आणि तिच्या सुरक्षिततेचा विचार करावा. निर्णय तिचा असावा. नवऱ्याला बोलावून समेट घडवणे हे दवाखान्याचे काम नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानुसार पीडितेला उपचार नाकारता येत नाहीत. हिंसेच्या घटनेचा अहवाल आधी झाला नसेल, तर दवाखान्याने तो भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो आणि वैद्यकीय तपासणीची प्रत पीडितेला मोफत द्यायची असते. स्त्री जिथे तात्पुरती राहते, तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. म्हणजे बीडची स्त्री कराडला किंवा इस्लामपूरला दाद मागू शकते.

दवाखान्यातून हे काम होऊ शकते, हे मुंबईत दिसले आहे. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले आणि पुढे ते इतर रुग्णालयांतही पोहोचले. सातारा-सांगलीलाही स्त्रियांच्या लढ्याची परंपरा आहे. कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न गावोगावी मांडला.

हंगामापुरती येणारी स्त्रीही स्थानिक दवाखान्याचीच रुग्ण आहे. कोप्यांवर आशा सेविकेची नियमित फेरी, तपासणीसाठी आडोशाची खोली, प्रशिक्षित परिचारिका आणि संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर यांची सोय गाळप सुरू होण्याआधीच झाली पाहिजे.