विद्या, वेतन आणि व्याज

गेल्या ज्येष्ठात आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बारावीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेली. तिला व्यावसायिक अर्थशास्त्राची पदवी घ्यावयाची होती. ज्या खासगी संस्थेत प्रवेश मिळत होता तेथील तीन वर्षांचा खर्च गृहस्थांच्या शिलकेबाहेरचा, म्हणून बँकेचे कर्ज काढण्याचा विचार चालला होता. त्यांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "सर, हे कर्ज फिटेल का?" प्रश्न ऐकून आम्हांस प्रथम किंचित विषाद वाटला. विद्या ही काय म्हैस आहे, की दुधाचा अंदाज घेऊन तिचे मोल ठरवावे? आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन त्यांची बोळवण केली. परंतु ते गेल्यावर मनात आले की, आमचा हा विषाद कधी हप्ता न भरलेल्या मनुष्याचा विषाद आहे. आम्ही शिकलो तेव्हा सरकारी अनुदानामुळे वर्षाची फी वडिलांच्या एका पगारातून निघत असे. ज्याने फुकट पाणी प्यावे त्याने पाणी विकत घेणाऱ्यास कृपण म्हणणे शोभत नाही. आणि खुद्द अर्थशास्त्राच्या अध्यापकाने 'हिशेब करू नका' असे सांगणे तर केवळ हास्यास्पदच होय.

तेव्हा हिशेब करू. शिक्षण संपून परतफेड सुरू होतेवेळी, सवलतीच्या काळातील व्याज धरून, दहा लक्ष रुपये देणे आहे असे समजावे. द. सा. द. शे. १० व्याजाने ते दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे १३,२०० रुपये पडतो, आणि एकंदर भरणा १५ लक्ष ८६ हजारांच्या घरात जातो. मासिक वेतन ६०,००० असेल तर हा हप्ता चतुर्थांशाहून कमी. तेच २५,००० असेल तर निम्म्याहून अधिक. त्या तीन वर्षांत नोकरी केली असती तर जे मिळाले असते, तेही खर्चाच्याच बाजूस लिहिले पाहिजे. एकच पदवी, एकच कर्ज. परंतु एकास ते ओझे, दुसऱ्यास बेडी.

येथे एक सावधगिरी हवी. संस्थांच्या माहितीपत्रकांत ठळक अक्षरांनी छापलेले असते ते सर्वाधिक वेतन. शंभरांतील एकास मिळालेले फळ दाखवून शंभरांकडून मोल घेणे हा सोडतीचा व्यवहार झाला. सरासरीही फसवी असते, कारण दोन-चार मोठे आकडे तिला वर ओढतात. पालकांनी विचारावयाचे ते हे की, वेतनाच्या उतरंडीत मधोमध उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास काय मिळाले, आणि त्याच्याही खाली असलेल्यांची काय वाट लागली? शिवाय, जी मुले मुळातच हुशार, त्यांनी पुढे मिळविलेल्या पैशाचे सारे श्रेय पदवीस देणे हाही एक भ्रमच.

इतके झाले तरी प्रश्नाचे नैतिक अंग उरतेच. आपल्या बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत मिळते. साडेसात लक्षांपर्यंत तारण लागत नाही, पण त्यापुढे सामान्यतः घर किंवा जमीन गहाण पडते. आणि मुलाबरोबर आईबापांचीही सही असते. म्हणजे कर्ज निश्चित, हप्ता निश्चित, गहाण निश्चित. अनिश्चित काय ते केवळ फळ! आणि त्या अनिश्चिततेचा सारा भार उचलावयाचा कोणी, तर ज्याने अजून जगाचा बाजार पाहिला नाही अशा अठरा वर्षांच्या जीवाने.

दसऱ्यास आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. त्यामागे जी कौत्साची कथा सांगतात, ती कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वर्णिली आहे. वरतंतु ऋषींनी शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानली होती. परंतु कौत्साने फार आग्रह धरला, तेव्हा गुरूंनी संतापून, शिष्याच्या दारिद्र्याचा विचारही न करता, चौदा विद्यांच्या चौदा कोटी मोहरा मागितल्या. विद्येस विषयवार दर लागला तो असा रागाच्या भरात! पण कथेचे मर्म पुढे आहे. ते ऋण कौत्साच्या पुढील मिळकतीतून वसूल झाले नाही. ते फेडण्याची काळजी राजाने आपली मानली, आणि कौत्सानेही ऋणापुरतेच घेतले, अधिक एक मोहरही नाही.

ह्याहून बोधप्रद उदाहरण अलीकडचे आहे, आणि तेही अर्थशास्त्राच्याच विद्यार्थ्याचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि अल्पावधीतच ते शहर सोडावे लागले. करार अपुरा राहिला, पण दोष विद्येचाही नव्हे आणि विद्यार्थ्याचाही नव्हे. वेतन केवळ गुणांवर ठरत नाही. समाज कोणती दारे उघडी ठेवतो त्यावरही ठरते. तेव्हा फळ हुकले म्हणून एकट्या विद्यार्थ्यास दंड करणे न्यायाचे कसे? आणि बडोद्याच्या वहीत जी रक्कम बुडीत दिसली असती, ती देशाच्या वहीत कोणत्या बाजूस लिहावी, हे वाचकांस सांगावयास नको.

ऑस्ट्रेलियाने १९८९ सालापासून निराळी वाट धरली. विद्यार्थ्याची मिळकत ठराविक मर्यादेपलीकडे गेली म्हणजेच करखात्यामार्फत वसुली व्हावयाची, एरवी नाही. इंग्लंडातही तत्त्व तेच. मात्र २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी तेथे कर्जाची मुदत चाळीस वर्षे झाली, म्हणजे जवळजवळ नोकरीचे सारे आयुष्य. पद्धत निर्दोष नाही; तथापि फळ आल्यावर वाटा मागावा, झाड लावताच नव्हे, हे तिचे तत्त्व आम्हांस न्याय्य वाटते.

आमच्या विषादामागे आणखी एक कारण होते, ते आता कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्यास ग्रामीण पतपुरवठ्याचा अभ्यास करण्याची मोठी हौस होती. "विद्येत घातलेला पैसा वाया जात नाही," असे आम्हीच त्यास सांगितले, व त्याने मोठे कर्ज काढून उच्च पदवी घेतली. आज तो एका कंपनीत मन न लागणारे काम करतो. कर्ज फिटते आहे; हिशेबाने पाहता सौदा फायद्याचाच झाला. पण भेटला की हसून म्हणतो, "सर, अजून चार वर्षांचे हप्ते राहिलेत, मग बघू." तो आम्हांस दोष देत नाही. आमचा उपदेश आम्हांस फुकट पडला, त्याची किंमत त्याने भरली.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांस पुन्हा बोलावले आणि वरील आकडे त्यांच्यापुढे मांडले. मधल्या वेतनाच्या पाचव्या हिश्श्याहून हप्ता अधिक होत असेल तर ती संस्था सोडावी, आणि तोच विषय अनुदानित महाविद्यालयात शिकावा. इमारत भव्य असली म्हणून मागणी-पुरवठ्याचा नियम बदलत नाही, असे सांगितले. इतका वेळ गप्प बसलेली मुलगी तेव्हा म्हणाली, "सर, पण मला विषय आवडतो म्हणून शिकायचंय. मग हा हिशेब कशाला?"

आम्ही म्हटले, "मुली, त्यासाठीच. शिकून झाल्यावरही ती आवड तुला परवडली पाहिजे."