पावसापूर्वी खणलेले खड्डे




पवित्र कुरआनच्या सूरह यासीनमध्ये मृत जमिनीला एक निशाणी म्हटले आहे. अल्लाह तिला जिवंत करतो, तिच्यातून धान्य काढतो आणि त्या धान्यावर माणसे जगतात. सूरह वाकिआमध्ये तर थेट विचारणा आहे की, पेरलेले बी उगवणारे तुम्ही आहात की अल्लाह? येथे एखाद्याच्या मनात येईल की, उगवणारा अल्लाहच असेल तर माणसाने करायचे काय? आपल्याच काळातील एका शेतकऱ्याच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात याकूबा सवादोगो (१९४६–२०२३) होऊन गेले. लहानपणी ते शेजारच्या माली देशातील मदरशात कुरआन शिकले. पुढे त्यांनी वाहिगुया शहराच्या बाजारात व्यापार केला. १९८० च्या सुमारास दुष्काळामुळे माणसे गावे सोडून जात होती. त्याच वेळी याकूबा व्यापार सोडून आपल्या गुर्गा या गावी परतले.

तेथील जमीन भाजल्यासारखी कडक झाली होती. पावसाचे पाणी वरून वाहून जाई. याकूबांनी ‘झाई’ ही पूर्वजांची पद्धत हाती घेऊन सुधारली. ऐन कोरड्या ऋतूत ते खड्डे खणत व त्यांत शेणखत आणि पालापाचोळा भरत. खताच्या ओढीने वाळवी येई आणि तिने पोखरलेल्या वाटांनी पाणी खोल मुरे. वाहते पाणी रोखण्यासाठी ते दगडांच्या ओळी रचत. पाऊस आला की त्या खड्ड्यांत ज्वारी-बाजरी उभी राही. खतातून आलेल्या बियांपासून झाडेही उगवली. ती त्यांनी जपली आणि उजाड माळावर साठहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचे वन उभे राहिले.

पाऊस नसताना खड्डे खणणाऱ्या या माणसाला लोकांनी वेडा ठरवले. त्यांची झाडे जाळण्यात आली. त्यांनी पुन्हा लावली.

बंधू-भगिनींनो, तवक्कुल म्हणतात तो हाच. पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. खड्डा खणणे मात्र आहे. पाऊस लांबला की आपण इस्तिस्काची नमाज अदा करतो. ती सुन्नत आहे. परंतु दुआ कबूल होऊन पाऊस पडला, तर ते पाणी अडवून जिरवण्याची कोणती तयारी आपण केलेली असते? अल्लाहची रहमत दारी यावी आणि आपल्या गाफीलपणामुळे वाहून जावी, याचाही हिशेब द्यावा लागेल.

याकूबांचे दुसरे कार्य याहून मोठे आहे. १९८४ पासून ते आपल्या शेतावर वर्षातून दोनदा मेळावा भरवत. शंभराहून अधिक गावांतील शेतकरी तेथे येत, बियाणे देत-घेत आणि ही पद्धत शिकून जात. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पण ज्या शेतांत आज ते खड्डे खणले जातात, ती शेते हीच त्यांची खरी कमाई.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे फळ माणूस, पक्षी वा जनावर खाईल, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते (बुखारी, मुस्लिम). मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य थांबत नाही, त्यांत सदका-ए-जारिया आणि लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान यांचा समावेश आहे (मुस्लिम). एकाच माणसाला ही दोन्ही दारे उघडी होती.

आपल्यापैकी कोणाकडे कोरडवाहू शेत असेल, कोणाकडे गच्चीवरच्या चार कुंड्या. स्वयंपाकघरातील भाजीची देठे-साले कुजवून खत करा. मुलांच्या हातून एक बी पेरून घ्या आणि उगवणारा कोण, हे त्यांना त्याच वेळी सांगा. जे जमले, ते शेजाऱ्यालाही शिकवा; मग तो कोणत्याही धर्माचा असो.

अल्लाह आपल्या हातांना श्रमाची आणि अंतःकरणांना भरवशाची तौफीक देवो. आमीन.