रानात सापडलेला रुपया

आजचं वाचन छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातलं, तिसरा खंड. त्यातला दृष्टान्त अगदी लहान आहे. शेतात सोन्याचा ठेवा पुरलेला असतो. ज्यांना ते शेत माहीत नाही ती माणसं रोज त्याच्यावरून येतात-जातात, पण त्यांना तो मिळत नाही. तसंच आपणही रोज गाढ झोपेत ब्रह्मलोकात जाऊन येतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

यावर मी पूर्वी एकदा इथे लिहिलंय. तेव्हा 'ठेवा' या शब्दावर लिहिलं होतं. आज दुसऱ्याच शब्दावर अडलोय: शेत न जाणणारे. कारण गेले तीन आठवडे माझ्या लॅपटॉपशेजारी एक जुना रुपया पडून आहे, आणि तो असाच एका शेतातून आलाय.

झालं असं. कॉलेजचे आम्ही चौघं औंढा नागनाथला गेलो होतो. एका मित्राचं गाव तिथून जवळच, आणि त्याची हळद नुकतीच काढून झाली होती, रान मोकळं होतं. दुसऱ्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला होता. शेत घरचं, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता असं आम्हाला वाटलं. देवळाच्या आसपास यंत्र बॅगेतून बाहेर काढायचं नाही एवढं ठरलेलं होतं. संरक्षित वास्तूच्या आवारात विनापरवाना खोदणं गुन्हा आहे, आणि नसता तरी ते बरं दिसलं नसतं. मित्राने पोलीस पाटलांच्याही कानावर घातलं होतं. आपल्याकडे यंत्र घेऊन रानात फिरणारा माणूस दिसला की लोकांच्या मनात पहिला शब्द येतो गुप्तधन, आणि त्या शब्दामागे काय काय अघोरी चालतं ते पेपरात वाचतोच आपण. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही करावा लागला.

सकाळी दर्शन झालं. औंढ्याला ज्यांनी दर्शन घेतलंय त्यांना माहीत आहे, पिंडी खाली तळघरात आहे. अरुंद पायऱ्या, वाकून उतरायचं. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते याच ठिकाणी. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले, नामदेव चिडले, तर विसोबा म्हणाले, जिथे देव नाही अशी जागा दाखव, तिथे पाय ठेवतो. नामदेवांना अशी जागा सापडली नाही. ही कथा मी लहानपणापासून ऐकतोय. त्या सकाळीही तळघरात आठवली, आणि दुपारपर्यंत विसरलोही.

रानात पहिला तास तर नुसता वैताग. डिटेक्टरचं तत्त्व सोपं आहे. कॉइलमधून बदलता प्रवाह सोडायचा, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत प्रवाह निर्माण होतात, त्यांचा प्रतिसाद परत कॉइलमध्ये येतो. पण आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोहखनिज भरपूर, त्यामुळे यंत्र मातीवरच ओरडतं. ते मातीशी जुळवून घेतल्यावर जरा शांत झालं. मग सापडायला लागलं: बैलाची नाल, फाळाचा तुकडा, खिळे, आणि गुटख्याच्या पुड्या. पुडीतला चंदेरी कागद यंत्राला धातूच वाटतो. मोजल्या नाहीत, पण खिसा भरला.

(गंमत म्हणजे याच तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनपेक्षाही कितीतरी पट लहान हालचाल. तिथेही सगळी लढाई आजूबाजूच्या गोंगाटाशीच.)

दुपारी बाकीचे सावलीत भाकरी-ठेचा खात होते. मी एकटाच बांधाजवळच्या बाभळीखाली यंत्र फिरवत होतो. आवाज आला, वरच्या पट्टीतला, स्वच्छ. वीतभर खाली चांदीचा रुपया. पुसला तर चारमिनार दिसला, आणि कमानीत एक उर्दू अक्षर. ते 'ऐन', उस्मान अलींच्या नावातलं पहिलं, हे नंतर कळलं. निजामाच्या राज्यातला हाली सिक्का. आणखी काही निघालं नाही.

मी ते नाणं पाकिटात ठेवलं. गुटख्याच्या पुड्या, नाल, खिळे एका खिशात, आणि हे पाकिटात. कुणाला बोललो नाही. हे सांगायलाच आजचा लेख. दाखवायचंच आहे, पण संध्याकाळी निवांत दाखवू, असं मी स्वतःला सांगितल्याचं मला नीट आठवतं. म्हणजे स्वतःला काहीतरी सांगावं लागलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर मित्राची आजी बसली होती. नव्वदीच्या आसपास असेल. "काय हुडकायलात रे दिवसभर?" नाणी, आजी. त्यावर ती हसली आणि सांगायला लागली. रझाकारांचं साल. गावातली माणसं रातोरात निघाली, हिला पैनगंगेच्या पल्याड नेलं, वऱ्हाडात. निघायच्या आधी तिच्या आईने गाडग्यात चार दागिने आणि रुपये घालून रानात पुरले. परत आल्यावर गाडगं सापडलं, पण त्यात सगळं नव्हतं. कुणी नेलं, का आईचीच मोजणी चुकली, कुणास ठाऊक. आजी हे अगदी सहज सांगत होती. माझं पाकीट मागच्या खिशात होतं. मी पाणी प्यायलो, आणि तरी बोललो नाही.

पुण्याला आल्यावर मी कायदा वाचला, हा आमच्या इंजिनिअर लोकांचा पळून जायचा मार्ग. १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मग चौकशी होते, कुणी शंभर वर्षांच्या आत ते लपवलेलं होतं का, त्याचा वारस पुढे येतो का. कुणीच नाही आलं तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. मनुस्मृतीत शोधणारा विद्वान ब्राह्मण असेल तर सगळंच त्याचं! ते वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. आपल्याला सोयीचा नियम शोधणारा मीही तसाच वाचत होतो. इंग्रजांचा कायदा बरा म्हणायचा, निदान तो आधी विचारतो की हे कुणी ठेवलं होतं.

२०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते, मुघलांचं सोनं आहे म्हणून. तो व्हिडिओ मीच ग्रुपवर टाकला होता, हसणाऱ्या इमोजीसकट. त्या माणसांत आणि माझ्यात फरक एवढाच की मी दिवसा खणलं.

हातातली वस्तू 'सापडली' म्हणताना आपण मनात गृहीत धरतो की ती जागा कुणाचीच नव्हती. विसोबांचा प्रश्न इथे आणला तर? जिथे कुणीच नाही अशी जागा दाखव, तिथली वस्तू तुझी. मातीत वीतभर खाली मला ती जागा दिसली असं वाटलं, कारण मला ते शेत माहीत नव्हतं. यंत्र माझ्याकडे होतं, शेत आजीला माहीत होतं. उपनिषदातल्या ज्या माणसांची मी आजवर कीव केली, त्यांना निदान काही मिळत तरी नाही. मला न जाणताच मिळालं, आणि ते जास्त वाईट निघालं.

परवा मित्राला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठेव रे, एका रुपयाचं काय एवढं." त्याने असं म्हटलं की सुटेन असं वाटलं होतं. सुटलो नाही. म्हटलं, आजीला दे फोन.

आजीने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कुठं घावलं म्हणलास?" बांधाजवळ, बाभळीखाली. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "आमचं गाडगं लिंबाखाली होतं बाबा. तो बाभळीचा तुकडा तवा आमचा नव्हताच."

तो एका मुसलमान घराचा होता. पोलीस ॲक्शननंतर ते घर गाव सोडून गेलं. कुठे गेलं ते आजीला माहीत नाही. त्यांच्यातली म्हातारी हिला गूळ द्यायची, एवढं आठवतं. तुकडा पुढे यांच्याकडे आला. कसा आला ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आम्ही रझाकारांची गोष्ट ऐकत मोठे झालो, आणि ती खरीच आहे. सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात मुसलमान घरांवर काय गुदरलं, ते मात्र मी पस्तिशीत, पुस्तकातून वाचलं.

आणि मी काय ठरवून बसलो होतो, तर आजीचा रुपया आजीला परत देऊन मोकळं व्हायचं. देणं फेडायलाही माणूस सोयीचाच शोधला होता मी.

"मग काय करू आजी?" म्हटलं.

"मला काय इचारतूस," ती म्हणाली. "सांभाळ. इकू नकोस."

पुढच्या शनिवारी औंढ्याला जातोय. त्या गावात अजून दोन-तीन घरं आहेत, मित्राच्या वडिलांच्या ओळखीची. त्यांना ते घर कुठे गेलं ते कदाचित माहीत असेल. मित्राचे वडील फोनवर जरा गप्पच होते. त्या तुकड्याचा विषय इतक्या वर्षांनी निघणं त्यांना आवडलेलं नाही, हे मला कळतंय. तरी "ये" म्हणालेत.

उद्या चौथा खंड, सेतूचा.

राम कृष्ण हरी.