जमेची बाजू

आठवणींचं खातं मोठं सोयीचं असतं. त्यात जमा तेवढी दिसते, नावे कोणी टाकतच नाही. आम्ही बँकेत एक दिवस जरी असा कारभार केला, तर दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडेल. पण चित्रकारांकडे कोण ऑडिटर फिरकतो?

माझा मेव्हणा शिकागोला असतो. पोटासाठी काँप्युटर आणि जिवासाठी जलरंग. आम्हां उभयतांना मोटारीत घालून तो 'रूट ६६' रंगवायला निघाला. शिकागो ते कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका, सुमारे २,४०० मैल. या रस्त्याला १९२६ साली नंबर मिळाला आणि १९८५ साली तो सरकारी यादीतून रीतसर निवृत्त झाला. निवृत्तीनंतर त्याचं जे कौतुक चाललंय, ते पाहून आमच्या पेन्शनरांनी हेवा करावा!

ओक्लाहोमात कटूसा गावी तळ्याकाठी सिमेंटचा ऐंशी फुटी निळा देवमासा आहे. ह्यू डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी १९७०नंतरच्या दोनतीन वर्षांत तो बांधला, बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. तिथे आमच्या सौ.नी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती कुठल्याच जलरंगात उतरायची नाही.

पुढे न्यू मेक्सिकोत टूकमकेरी गावी 'ब्लू स्वॅलो' हे १९३९ सालचं मोटेल. पाटीवर निऑनचं निळं पाखरू. मेव्हण्यानं पाखरू झकास उतरवलं आणि पुढ्यात १९५० सालातली एक गुबगुबीत मोटार काढली. प्रत्यक्षात तिथे होतं कचऱ्याचं पिंप.

"अरे, ही मोटार कुठाय?"

"तेव्हा असायची, भावोजी."

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. 'तेव्हा'चाच हिशेब मांडायचा, तर तेव्हा आणखीही बरंच असायचं. या एका मोटेलवर माझा आरोप नाही, मी रस्त्याबद्दल बोलतोय. त्या काळी काळा माणूस बायकामुलं घेऊन या रस्त्यानं निघाला, तर कित्येक मोटेलांत खोल्या रिकाम्या असून त्याला जागा नसे. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर थांबायचीही बंदी. कुठे पाठ टेकता येईल, कुठे जेवण मिळेल, याची यादी म्हणून १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं 'ग्रीन बुक' काढलं. ते १९६६-६७पर्यंत निघत होतं. म्हणजे चित्रातली ती मोटार ज्या सालची, त्या साली ते खपत होतं.

"मग काय, आठवणी काढूच नयेत?" मेव्हणा तापला. "ॲरिझोनातलं सेलिग्मन बघा. १९७८ साली बाहेरून हायवे गेला आणि गाव ओस पडलं. एंजल डेल्गाडिलो या न्हाव्यानं १९८७ साली चार लोक जमवून संघटना काढली, जुना रस्ता जपायला लावला. आज गाव जगतंय ते आठवणींवरच."

हे मात्र खरं होतं. आठवणींवर पोट भरणाऱ्यांना नावे कसं ठेवणार? आणि काही लपवावं असंही मेव्हण्याच्या मनात नव्हतं. त्याला फक्त पाखरू आवडलं होतं. पण गाळलेली नोंद प्रेमानं गाळली म्हणून ताळेबंद खरा होत नाही, साहेब.

मी म्हटलं, "पाखरू राहू दे. नसलेली मोटार काढलीसच आहेस, तर आत कोण बसलंय तेही ठरव."

तो बराच वेळ ब्रश पाण्यात ढवळत बसला. मग म्हणाला, "भावोजी, मोटार थांबलेली दाखवू, की पुढे निघालेली?"

"ते तुझं डिपार्टमेंट," मी म्हटलं.